कमरेला बांधलेली ज्वारी

माझ्या घरात भिंतीवर एक बंद घड्याळ आहे. १९८८ साली जालन्यात एका सरकारी कार्यक्रमात ते मला बक्षीस मिळालं. खाली पितळी पट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय : गरोदर मातांच्या वजनवाढीत उत्कृष्ट काम. आमचे हे म्हणतात, सेल टाकून घे. मी टाकत नाही. ते घड्याळ चालू झालेलं मला बघवणार नाही, आणि फेकून देण्याइतकी मी निर्लज्जही झालेली नाही. ज्या बाईमुळे ते मिळालं, तिच्याबद्दल हे लिहिते आहे. तिचं नाव चतुराबाई.

मी नर्स. माहेर जालन्यात मस्तगडला. १९८४ साली उमरखेडीच्या उपकेंद्रावर मला नेमलं. मंठ्यापासून गाव नऊ किलोमीटर, मधे एक ओढा, ओढ्यावर पूल नाही. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पलंग, बाळ टांगून मोजायचा एक काटा आणि आयांना उभं करून मोजायचा दुसरा. दवाखान्याची जीप मंठ्याला. ती कुठे असायची ते विचारू नका, मला शिव्या आवरत नाहीत.

चतुराबाई गावची सुईण. तेव्हा पन्नाशीला आलेली, अंगानं काटक, कपाळावर गोंदण, तोंडात कायम मिसरी. विधवा. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. सरकारनं सुईणींना शिकवायचं ठरवलं तेव्हा मीच तिला सहा दिवस मंठ्याला नेलं. परत येताना तिला अॅल्युमिनियमची पेटी मिळाली. ब्लेड, दोरा, साबण असं सगळं आत. महिन्याभरानं मी पेटी उघडायला लावली, तर एका कप्प्यात मिसरीची डबी आणि चुन्याची नळी. मी एवढी बोलले की शेजारच्या बाया बाहेर आल्या. ती शांतपणे म्हणाली, "ब्लेड बी हाय की शिस्टर, तुमी ते न्हाई बघितलं." ब्लेड खरंच होतं, उकळलेल्या फडक्यात नीट गुंडाळलेलं.

माझा तिच्यावरचा खरा राग वेगळाच होता. ती गरोदर बायांना खाऊ देत नव्हती. पाचव्या महिन्यापासून एका वेळेला अर्धी भाकर, सातव्यापासून दूध बंद, नवव्यात नुसतं कढण. का, तर पोट अन्नानं भरलं की लेकराला जागा राहत नाही, आणि लेकरू मोठं झालं की सुटत नाही. सासवांना हे फार आवडायचं. सून कमी खाते आणि वर ते तिच्या भल्याचं ठरतं, मग कोण नको म्हणेल? त्याच बाया दिवसभर कापूस वेचायच्या. पोरं जन्मायची ती पावणेदोन किलोची, फार तर एक किलो नऊशेची. तीन वर्षांची झाली तरी काट्याला लोंबकळायची ती दहा किलोच्या आतच. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं.

मी प्रत्येक बाईला घसा फोडून सांगायची : तुझं वजन नऊ-दहा किलो वाढलं पाहिजे, तू वाढशील तर पोटातलं वाढेल, आणि पोटात जे मागं राहतं ते पुढं पाच-सहा वर्षं चारूनही भरून निघायला अवघड. बाया मान डोलवायच्या. पुढच्या मंगळवारी काटा तिथल्या तिथं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. मी कार्ड भिरकावून द्यायची. "वजन वाढलं नाही तर यायचंच नाही इथं, लेकराला डोसही देणार नाही," असंही म्हणायची. देणार होतेच, पण म्हणायची. एका बाईला तर मी सगळ्यांसमोर रडवलं होतं. तिच्या घरात कोठीची किल्ली सासूच्या कमरेला, आणि शिव्या मी हिला देत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

१९८५च्या दिवाळीनंतर चमत्कार झाला. बायांची वजनं वाढायला लागली. सहाव्या महिन्यात दोन किलो जास्त, सातव्यात आणखी, नवव्यात बेरीज बरोबर नऊ-दहावर. मला वाटलं, माझं ओरडणं कामी आलं. मी रजिस्टरला नवं खाकी कव्हर घातलं. दर मंगळवारी चतुराबाईही यायची आणि उपकेंद्राच्या मागच्या भिंतीला टेकून बसायची. मला वाटलं, म्हातारी सुधारली, बायांना घेऊन येते. बाया काट्यावरून उतरल्या की म्हणायच्या, "शिस्टर, जरा जाऊन येते," आणि भिंतीमागं जायच्या. पोटुशीला लघवीला सारखं जावं लागतंच. त्या परत आल्या की मी पोट तपासायची. यात काही वावगं आहे असं मला तीन-चार वर्षांत एकदाही वाटलं नाही.

वावगं एवढंच होतं की पोरं पूर्वीसारखीच पावणेदोन किलोची जन्मत होती. आईचं वजन दहा किलोनं वाढलेलं, आणि पोरगं मुठीएवढं. मी मंठ्याच्या मीटिंगमध्ये उभी राहून विचारलं, असं कसं? तिथल्या डॉक्टरसाहेबांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "सिस्टर, इकडची माणसंच बारीक बांध्याची." अंगणवाडीतल्या चाळीस पोरांचं आयुष्य त्यांनी एका घोटात गिळलं. पण मी तरी काय केलं? पुढच्या वर्षी घड्याळ घेतलं, टाळ्या घेतल्या, आणि एस.टी.नं गावी आले.

१९८९चा सप्टेंबर. बेबीनंदा काट्यावर उभी होती. ही सर्जेरावांची सून. घरी पाण्याची शेती, सरकीच्या बियाण्याचे प्लॉट, ट्रॅक्टर. तिचा पहिला मुलगा धर्मराज माझ्याच रजिस्टरात होता : आईची वाढ दहा किलो, जन्मवजन एक किलो नऊशे, आता तीन वर्षांचा आणि साडेनऊ किलो. तिला आता दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना. मी आकडा वाचायला वाकले तर काटा हळूहळू मागं यायला लागला. मला वाटलं काटा बिघडला. मग बघितलं, तिच्या नऊवारीच्या निऱ्यांमधून ज्वारी गळत होती. आधी चार दाणे, मग धार. काट्यावर, फरशीवर, माझ्या चपलांवर. दारातल्या कोंबड्या आत आल्या आणि टिपायला लागल्या. बेबीनंदा दोन्ही हातांनी कंबर धरून उभी होती. ती म्हणाली, "मला मारू नका."

मी आजवर कुणाला मारलं नव्हतं. पण ती माझ्याकडे तशी बघत होती.

तिच्या कमरेला कापडी कसा होता. पूर्वी बाजाराला जाताना माणसं पैसे ठेवायला कमरेला लांब नळीसारखी कापडी पिशवी गुंडाळायची, तोच. त्यात ज्वारी भरून दोन वेढे दिलेले, वर नऊवारी. शिवण उसवली होती. मी भिंतीमागं गेले. चतुराबाई गोधडीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर आणखी दोन कसे होते. दोन किलोचा, तीनचा, चारचा. ज्या बाईचा जो महिना, तिला तो कसा. एक बाई काट्यावरून उतरली की भिंतीमागं सोडायची, दुसरी गुंडाळायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्या महिन्याला मला किती आकडा लागतो हे तिला तोंडपाठ होतं.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुला तुरुंगात घालीन म्हणाले. जी ज्वारी पोटात जायला पाहिजे ती तू पोटावर बांधलीस म्हणाले. रजिस्टरातल्या सदतीस बायांची नावं घेतली. तिनं मांडीवरचे कसे बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तुमी बायायला लई बोलत होत्या. पोरी रडत यायच्या माझ्याकडं. म्हणलं, शिस्टरला वजन पाह्यजे ना, देऊ वजन. तुमी बी खूश, त्या बी मोकळ्या."

"आणि लेकरं? ती दिसत नाहीत तुला?"

"जित्ती हायेत न्हवं? त्यायच्या आया बी जित्त्या हायेत." आता तिचा आवाज चढला. "लेकरू अडलं तर तुमचा काटा येतो का धावत? जीप येती का? माझी मालन पह्यलटकरीण होती. मी माझ्या हातानं तिला चारलं. म्हशीचं दूध, तूप, डिंकाचे लाडू. लोकं म्हणायची, लेक कशी भरून राह्यली. तीन दिस अडली. ओढ्याला पाणी आल्तं. तिसऱ्या दिशी दोघं बी गेले. मी पोटभर चारून मारली तिला. आता गावातली दुसरी कोन्ती मी तशी मारू देनार न्हाई. बारीक लेकरू सुटतं, शिस्टर. आमचं ऑप्रेशन तेच हाय."

तिला तेव्हा एकच प्रश्न विचारायला हवा होता. तो माझ्या शिक्षणातला होता, साधा होता. पण मी रागात होते, आणि रागात असले की मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो. मी विचारला नाही. मी नुसती तणतणत म्हणाले, "बेबीनंदाला मी खायला लावणार. बघतेच कोण अडवतं."

"खाऊ द्या," ती म्हणाली. "मी अडवत न्हाई. पर गाडी दारात उभी पाह्यजे. गाडी न्हाई आली अन् ती अडली, तर मंग मी तुमाला इचारीन."

तो सौदा ठरला. सर्जेरावांच्या घरी मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची, बेबीनंदा ताटावरून उठेपर्यंत. सासूनं तोंड वाकडं केलं, पण किल्ली दिली. भाकरी, वरण, शेंगदाणे, दूध, घरच्या शेतातली मेथी. यात काय जगावेगळं आहे? सगळं त्याच घरात होतं, फक्त त्या बाईच्या ताटात नव्हतं. मी तिला दर पंधरा दिवसांनी परकरावर उभी करून मोजायची. या वेळी आकडे खरे होते. नवव्या महिन्यात साडेनऊ किलो.

जीप मिळाली नाही. मी अर्ज दिला, मग दुसरा दिला. डॉक्टरसाहेब म्हणाले, एका बाईसाठी गाडी अडकवून ठेवता येते का? त्याच आठवड्यात ती जीप मी एका लग्नाच्या मांडवाबाहेर बघितली, बॉनेटवर हार. मी सर्जेरावांकडे ट्रॅक्टर मागितला. ते म्हणाले, कापूस मंठ्याला न्यायचाय, बाळंतपणासाठी ट्रॅक्टर आठ-आठ दिवस उभा ठेवतात का कुठं? सून त्यांची, नातवंड त्यांचं, आणि ट्रॅक्टर कापसासाठी.

मी भांडून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चतुराबाई त्या ट्रॉलीत बसलेली. गोधडी, पाण्याची कळशी आणि सरकारी पेटी घेऊन. सर्जेराव समोर उभे.

"खाली उतर, चतुरे. कापूस भरायचाय."

"भरा की, मालक. माझ्या आंगावर भरा."

नऊ दिवस ती ट्रॉलीतून हलली नाही. दुपारी उन्हात, डोक्यावर पोतं. बाया तिला भाकर तिथंच नेऊन द्यायच्या. कापूस ओसरीत पडून राहिला. सर्जेरावांना हात लावून तिला उतरवता येत नव्हतं, कारण सर्जेरावांची चारही लेकरं तिच्याच हातानं जगात आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बाईचा राग आला नाही.

दहाव्या दिवशी, जानेवारीतल्या एका सकाळी, बेबीनंदाच्या पोटात दुखायला लागलं. ट्रॅक्टर ओट्याला लावून ठेवला, ट्रॉलीत कडबा पसरला, वर गाद्या टाकल्या. कशाचीच गरज लागली नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला पोरगी झाली, चतुराबाईच्या हातात. डोकं आलं, खांदे आले, सुटली. मी काटा आढ्याला टांगला, पोरीला झोळीत घातलं. तीन किलो शंभर ग्रॅम. उमरखेडीत माझ्या काट्यानं एवढा आकडा पहिल्यांदा दाखवला. मी चतुराबाईला जवळ ओढून काटा दाखवला. तिला आकडा कळत नव्हता, पण झोळी किती ताणली गेली ते कळत होतं.

हात धुताना ती म्हणाली, "एवढी मोठी, अन् अडली न्हाई."

"नाही अडली."

"मंग माझी मालन काहून अडली?"

तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला. "मावशी, मालनच्या वेळी आधी काय आलं होतं? डोकं?"

"न्हाई. हात आल्ता."

मी तिला सांगितलं, कारण आता न सांगणं हे पाप झालं असतं. आधी हात येतो म्हणजे लेकरू पोटात आडवं असतं. आडवं लेकरू दीड किलोचं असो की चार किलोचं, अडतंच. दुधानं ते आडवं होत नाही, तुपानं होत नाही. मालनला गाडी लागत होती, आणि दवाखाना. तू तिला चारलंस त्यात काही चूक नव्हती.

मला वाटलं ती रडेल, तिला हलकं वाटेल. उलट असा राग तिच्या चेहऱ्यावर आला की मी मागं सरकले.

"पंधरा साल झाले," ती म्हणाली. "सा दिस तुमी मला मंठ्याला शिकवलं. साबन कसा लावायचा ते शिकवलं. हात आल्ता का डोकं आल्तं, येवढं कोनी इचारलं न्हाई मला. मी येवढ्या पोरी उपाशी ठिवल्या." तिनं ओले हात लुगड्याला पुसले. "तुमी बी न्हाई इचारलं."

खरंच नव्हतं विचारलं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा भिंतीमागं बसली. मी धावत गेले, म्हटलं आता काय? तिच्या पुढ्यात टोपलं होतं आणि टोपल्यात भाकरी. त्या कशांमधली ज्वारी तिनं निवडून बघितली होती. चार वर्षांत सोंडेकिडे लागून तिचं पीठ झालेलं, ती कोंबड्यांना टाकली आणि घरची दळून आणली. प्रत्येक पोटुशी बाईला ती आधी भिंतीमागं बोलवायची, समोर बसवून अख्खी भाकर खायला लावायची, आणि मग काट्यावर पाठवायची. सासू सोबत आली असेल तर सासूच्या समोर. भरल्या पोटी घेतलेलं वजन पाव-अर्धा किलो जास्त येतं, हे मला माहीत आहे. मी ते तसंच लिहिलं. त्या रजिस्टरात त्याच्याआधी मी याहून किती मोठं खोटं लिहिलं होतं.

ते खोटं दुरुस्त करायला मी गेले होते. साहेबांना सगळं सांगितलं, ते तिन्ही कसे त्यांच्या टेबलावर ठेवले. साहेब म्हणाले, "वरती आकडे गेलेत सिस्टर, आता उकरू नका." घड्याळही परत घेतलं नाही.

चतुराबाई २००१ मध्ये गेली. तोवर बारा वर्षं तिनं दर मंगळवारी टोपलं आणलं. त्या वर्षांतली पोरं सगळीच धष्टपुष्ट झाली असं मी म्हणणार नाही. पण जन्मतानाच हरलेली कमी झाली, आणि अंगणवाडीच्या काट्याला ते दिसत होतं.

२००५ साली धर्मराज माझ्याकडे आला. एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, बारावी पास. औरंगाबादला सैन्यभरतीत पळण्यात पहिल्या दहात आला होता. वजनात बाद. सेहेचाळीस किलो. महिनाभर केळी आणि अंडी खाऊन पुन्हा गेला, पुन्हा बाद. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बाळपणापासूनच कमजोरी असेल, नर्सबाईकडे नोंद असेल, बघून ये. मी जुनं खाकी कव्हराचं रजिस्टर काढलं. तो शिकलेला पोरगा, त्यानं स्वतःच वाचलं. बोट ओळीवरून फिरवलं.

"शिस्टर, इथं तर लिहिलंय, मी पोटात असताना आईचं वजन दहा किलो वाढलं होतं. म्हंजे आईनं तर बराबर खाल्लं होतं. मंग मी असा का राह्यलो?"

मी त्याला सांगू शकले असते की सगळं पोटातच ठरत नाही, नंतरचंही असतं. ते खरंही आहे. पण त्याचं बोट त्या दहाच्या आकड्यावर होतं, आणि त्या आकड्याखाली माझी सही होती.

"त्यातले चार किलो ज्वारी होती, धर्मराज," मी म्हणाले. "ती तुझ्या आईच्या कमरेला बांधलेली होती. मी ओरडायची म्हणून."

त्यानं रजिस्टर मिटलं नाही. तसंच उघडं माझ्यासमोर सरकवलं आणि उठून गेला.